माशांचं पथ्य

१

बाबा गेले तेव्हा वाटणी करावी असं घरात फारसं काही नव्हतं. थोरलीने त्यांचा रेडिओ नेला, आईने घड्याळ उशाशी ठेवलं, आणि मासे धाकटीच्या गळ्यात पडले.

मासे जागचे हलले नाहीत म्हणा. हलली ती धाकटीच. भाड्याची खोली सोडून ती आईकडे राहायला आली. संधिवाताने आईच्या मनगटांत असं ठाण मांडलं होतं की बाटलीचं झाकण फिरवायचं तरी तिला कुणाची तरी वाट बघावी लागायची. धाकटीचं तसं कुठे काही अडत नव्हतं. चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, दुपारी जेवायला घरी यायचं आणि पुन्हा जायचं. लग्नाचा विषय घरात कधीच मागे पडला होता. तो काढायचा उत्साह आता कुणालाच नव्हता, तिला तर मुळीच नाही.

बाबांचा जन्म गेला इस्पितळाच्या स्वयंपाकघरात. पथ्याचं जेवण करायचं ते. कुणाला बिनमिठाचं, कुणाला बिनतेलाचं, कुणाला नुसतं गाळलेलं. अशा जेवणाला चव ती कुठून येणार? पण ताट भरलेलं परत आलं की बाबांना चैन पडायचं नाही. तेच ताट उचलून ते स्वतः वॉर्डात जायचे, खाटेच्या कडेवर टेकायचे आणि इकडच्यातिकडच्या गप्पा मारत ते रिकामं करून यायचे. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या हातांना उकडलेल्या गाजराचा वास यायचा. धाकटी लहानपणी त्या हातांत तोंड खुपसून बसायची.

निवृत्त झाल्यावर पथ्याला माणूस मिळेना. आईने पहिल्याच दिवशी बजावलं, "माझ्या ताटात लुडबूड केलीत तर बघा!" मग एके दिवशी ते तीन गोल्डफिश घेऊन आले. लाल, गुबगुबीत तो ढोल्या. लांब शेपटी फरफटत फिरणारी झिपरी. आणि पांढरी, नाक वर करून चालल्यासारखी पोहणारी ती बाईसाहेब.

त्यांचं पथ्य बाबांनी धाकटीकडून पाठच करून घेतलं होतं. कोरडे दाणे तसेच टाकायचे नाहीत. मासा दाण्याबरोबर हवा गिळतो आणि मग पोट वर करून तरंगतो. म्हणून दाणे आधी भिजवायचे. मटार उकडून, साल काढून, बोटाने चिरडून द्यायचे. पालकाचं पान गरम पाण्यातून काढून द्यायचं. अळ्या म्हणजे मेजवानी, ती क्वचित. आणि आठवड्यातून एक दिवस कडक उपास.

"माशाला धड पोट नसतं गं, नुसती नळी असते," ते म्हणायचे. "पुढ्यात येईल ते खात सुटतो आणि त्यातच मरतो. खाणाऱ्याला कळत नाही. वाढणाऱ्याला कळावं लागतं."

२

मासे धाकटीच्या हातचं खाईनासे झाले, ते हिवाळा सरता सरता.

आधी टाकीपाशी नुसती सावली पडली तरी तिघंही काचेला नाक लावायची. आता ती भिजवलेले दाणे सोडायची आणि दाणे हळूहळू खाली जाऊन बसायचे. ढोल्या एखादा तोंडात घ्यायचा, चघळायचा आणि थुंकायचा. पाहुण्यांच्या घरी भरपेट जेवून आलेल्या पोरांसारखी ती तिघं नुसती डुलत असायची.

तिने पाळीव माशांच्या दुकानदाराला गाठलं. गडी बोलघेवडा.

"आजारी म्हणता? मरगळलेत का?"

"छे, चांगले टुणटुणीत आहेत."

"विष्ठा कशी आहे?"

धाकटीला हसू आलं. घरी जाऊन तिने नीट पाहिलं. विष्ठा हिरवी होती.

"मग मटार खाल्लेत त्यांनी," दुसऱ्या दिवशी दुकानदार म्हणाला. "ताई, एक वेळ माणूस खोटं बोलेल. माशाची शी खोटं बोलत नाही."

घरात मटार नव्हते. बाबा गेल्यापासून धाकटीने मटार आणलेच नव्हते. ते सोलत बसायचं म्हटलं की तिचा जीव धजायचा नाही.

"आई, तू देतेस का गं त्यांना काही?"

"मी? त्या टाकीचं झाकण तरी उचलेल का माझ्याने?" आईने वाकडी बोटं तिच्यापुढे धरली. "आणि देईन कशाला? माझी पहिली सवत म्हणजे तुझ्या बापाचं इस्पितळ, आणि दुसरी ही तिघं."

३

एका दुपारी दुकानातली काचा घासायची यंत्रं बंद पडली आणि धाकटी वेळेआधीच घरी आली.

आई मागच्या खोलीत आरामखुर्चीत पडली होती. टाकी तिथेच, खिडकीला लागून. बाबांचं उंच स्टूल टाकीच्या डाव्या अंगाला होतं तसंच होतं. उन्हाची तिरीप पाण्यातून भिंतीवर हलत होती आणि पंपाची बारीक गुरगुर चालू होती. बाकी सगळं शांत होतं.

तिन्ही मासे डाव्या कोपऱ्यात वर आले होते.

आधी बाईसाहेबांनी तोंड उघडलं, मिटलं आणि त्या बाजूला झाल्या. मग झिपरी. ढोल्या मागे थांबला होता. ढोल्या, जो कधी कुणासाठी थांबल्याचं कुणाला आठवत नव्हतं! झिपरीचं झाल्यावर तो पुढे आला. पुन्हा बाईसाहेब. धक्काबुक्की नाही, घाई नाही. प्रत्येक वेळी मासा वर यायच्या आधी तिथलं पाणी किंचित दबत होतं आणि एक बारीक वलय उठत होतं. बोटाचं टोक बुडवून काढलं की उठतं तसं.

झाकण बंद होतं.

धाकटी दारातच उभी राहिली. काचेत काय दिसतं आणि काय नुसतं भासतं, यावर तिचं पोट चालत होतं. पंपाचे बुडबुडे असतील, तिने स्वतःला सांगितलं. कोन जरा बदलला की सरळ रेघ वाकडी दिसते, हे गिऱ्हाइकांना ती रोज समजावत असे. तिने खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाहिलं. मग पंप बंद करून पाहिलं.

वलय उठतच राहिलं.

थोरलीला फोन केला तर ती आधी खळखळून हसली. "अगं, वर्षानुवर्षांची सवय. ठरलेली वेळ झाली की येत असतील तोंड वासून. माझा नवरा नाही का, सुट्टीच्या दिवशीही बरोबर सातला डबा मागतो?" मग जरा थांबून म्हणाली, "बरं वाटतं गं ऐकून. अजून वाट बघतंय कुणीतरी त्यांची."

ती हिरवी विष्ठा कुठून आली, हे धाकटीने विचारलं नाही. थोरलीचा आवाज भरून आला होता.

४

त्याच सुमाराला तिच्या ध्यानात आलं की आई जेवत नाही.

दुपारी ताट वाढलं की आई दोन शितं चिवडायची. "झालं माझं," म्हणायची आणि मागच्या खोलीत जायची. धाकटीला वाटलं, दुःख आहे, उतरेल हळूहळू. पण दुःखाने माणूस वाळतं, आणि आईच्या गालांवर तर तुकतुकी आली होती. तिचे कपडे तिला दंडात घट्ट व्हायला लागले. डॉक्टरांनी तिला वजनकाट्यावर उभं केलं आणि धाकटीची पाठ थोपटली. "छान काळजी घेताय आईची!"

घरी आल्यावर धाकटीने आईचा हात हातात घेतला.

"आई, तू खातेस कुठे?"

आई चक्क लाजली. सत्तरी ओलांडलेल्या बाईला असं लाजताना धाकटीने कधी पाहिलं नव्हतं.

"तुला ठाऊक आहे, मी इस्पितळात होते तेव्हाचं?"

धाकटीला माहीत होतं. घरात ही गोष्ट शंभरदा सांगून झाली होती. तरी ती म्हणाली, "सांग ना."

"तापाने अंथरुणाला खिळले होते. अन्नाचा वास आला तरी मळमळायचं. नर्स दमल्या, माझी आई दमली. मग एक दिवस हा काटकुळा आचारी वाटी घेऊन आला आणि खाटेवर टेकला. म्हणाला, 'तुम्ही खाऊ नका. तुम्ही नुसतं तोंड उघडा, खायचं काय ते मी बघतो.' इतकं हसू आलं मला! हसायला तोंड उघडलं आणि त्याने चमचा घातला." आई टाकीकडे बघत होती. "नुसतं गाजराचं पाणी गं. पण आयुष्यात तसं काही खाल्लं नाही पुन्हा."

"आई, बाबा नाहीत आता."

"मला कळत नाही होय?" आई शांतपणे म्हणाली. "पण दुपारचे असतात."

धाकटीने त्या रात्री वादही घातला नाही आणि थोरलीला फोनही केला नाही. खरं सांगायचं तर तिला भीतीपेक्षा हेवा जास्त वाटला. दुपारी जेवून ती पुन्हा दुकानात गेलेली असे.

५

मग एक दिवस डावा कोपरा रिकामा राहिला.

मासे तळाशी खडीवर बसून होते, कल्ले तेवढे हलत होते. उपासाचा दिवस असेल, असं धाकटीला वाटलं आणि जरासं बरंही वाटलं. बाबांचा नेम चुकला नव्हता. आईनेही त्या दिवशी तोंडात काही घेतलं नाही. पाणीसुद्धा घोटभरच.

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी आईचे गाल उतरले, पण चेहरा असा उजळला होता की बघत राहावं. तिने चांगले कपडे काढून घातले होते. केसही धाकटीकडून नीट विंचरून घेतले.

धाकटी दुकानदाराकडे धावली.

"मासे काहीच खात नाहीत. तळाला बसून आहेत."

"मग बरोबरच आहे की. कधी निघताय?"

"कुठे?"

"घर बदलताय ना?" तो जाळी धूत होता, त्याने मान वर केली नाही. "मासा हलवायचा म्हटला की आधी दोनतीन दिवस उपाशी ठेवतात. भरल्या पोटी पिशवीत घातला तर वाटेत पाणी घाण करतो आणि त्याच पाण्यात गुदमरतो. पोट रिकामं असलं की प्रवास सुखाचा होतो. तुमच्या बाबांनाच विचारा ना... म्हणजे, त्यांना सगळं माहीत होतं, असं म्हणायचं होतं मला."

"आम्ही कुठेही चाललेलो नाही."

"मग माशांनी काहीतरी भलतंच ऐकलेलं दिसतंय," दुकानदार हसला.

ती घरापर्यंत पळत आली. इतकी तर ती शाळेची घंटा झाल्यावरही कधी पळाली नव्हती.

६

आई आरामखुर्चीत डोळे मिटून बसली होती. हात मांडीवर जुळवलेले, जणू गाडीची वेळ व्हायची होती.

धाकटीने भाज्यांचं सूप गरम केलं आणि वाटी घेऊन तिच्यापुढे बसली. "आई, एक चमचा घे."

"आत्ता नको गं. आत्ता खाल्लं तर वाटेत त्रास होतो."

"कुठल्या वाटेत? कुणी सांगितलं तुला?"

आईने डोळे उघडले आणि धाकटीच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. लहान मूल परक्याच्या हातातला खाऊ घेण्याआधी आईबापांकडे बघतं ना, अगदी तसं.

धाकटी ताडकन उठली. टाकीचं झाकण तिने बाजूला फेकलं आणि भिजवायचं भान न ठेवता मूठभर दाणे पाण्यात टाकले. "खा! खा रे!" झिपरी हलली नाही. बाईसाहेब हलल्या नाहीत. ढोल्या मात्र जरा घुटमळला, आणि शेवटी जातीवर गेलाच. वर आला, एक दाणा गिळला, मग दुसरा.

ती पुन्हा आईसमोर बसली. आईने परत डोळे मिटले होते. टाकीची काच दोघींच्या बाजूला होती. काचेत धाकटीला आईची खुर्ची एका अंगाने दिसत होती, स्वतःचा चेहरा दिसत होता, हातातला चमचा दिसत होता. आणि आईच्या हनुवटीखाली धरलेली एक ओंजळ. थेंब कपड्यांवर सांडू नये म्हणून धरतात तशी. कोपरापर्यंत दुमडलेली बाही. तिच्या वर काही नव्हतं, किंवा होतं तिथे खिडकीचं ऊन इतकं होतं की काही दिसलं नाही.

तिने काचेवरची नजर हलवली नाही. हलवली तर समोर नुसती आई दिसेल, हे तिला ठाऊक होतं.

"बाबा," ती म्हणाली. "हिला नेऊ नका. मी एकटी कशी राहू? मला एकटीला ठेवून जाऊ नका."

पंप गुरगुरत होता. ओंजळ तशीच राहिली, जराशी, एखादा माणूस विचार करतो तितकी. मग काचेत नुसतं ऊन उरलं.

आईने तोंड उघडलं. धाकटीने चमचा घातला. आईने गिळलं, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

७

सकाळी टाकीत ढोल्या एकटा होता. रात्री परत लावलेलं झाकण घट्ट होतं, फरशी कोरडी होती, टाकीमागेही काही नव्हतं. आईने टाकीकडे एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं. काही दिवस ती धाकटीशी कामापुरतंच बोलली.

मग सगळं हळूहळू मार्गी लागलं. आईला भूक लागायला लागली. साधी, माणसाला लागते तशी. मीठ कमी आहे, पाव शिळा आहे, अशी तिची कुरकुर परत आली. धाकटी तिला भरवायची आणि कुरकुर कान भरून ऐकायची. त्यापेक्षा गोड गाणं तिला त्या दिवसांत ऐकायला मिळालं नसतं.

तिचे स्वतःचे दिवसही चांगले चालले होते. दुपारी घरी यायचं तिने बंद केलं, आईचं ताट झाकून ठेवून स्वतः डबा न्यायला लागली. काचा घासता घासता तिला काय काय आठवायचं. तापात बाबांनी मांडीवर घेऊन चाटवलेलं संत्र्याचं पाणी. सोललेल्या मटारांची बशी आणि त्यातला सगळ्यात मोठा दाणा तिचा, असा ठरलेला नियम. पहिल्यांदा बसने सहलीला निघाली तेव्हाची सकाळ. "वाटेत उलटी होईल, आत्ता काही खायचं नाही," म्हणत बाबा तिचा हात धरून कोपऱ्यावर उभे होते. आठवणींनीच पोट भरल्यासारखं व्हायचं. दुकानाचा मालक एकदा म्हणालाही, "आईकडे राहायला गेल्यापासून गाल वर आलेत तुमचे."

मग तेही थांबलं. पोट हलकं हलकं वाटायला लागलं, पिसासारखं. त्रास काही नव्हता. उलट, उगाचच कुठेतरी जायची हुरहूर लागून राहायची.

सुट्टीच्या दुपारी त्या दोघी टेबलाशी बसल्या होत्या. दोघींची ताटं वाढलेली होती.

"ढोल्या खाली बसलाय," आई म्हणाली. "कालही बसला होता. दाणे तसेच पडलेत."

"असेल उपास."

आईने तिच्या ताटाकडे पाहिलं. मग ओट्यावरच्या डब्याकडे पाहिलं. डबा काल दुकानात गेला होता तसाच भरलेला परत आला होता.

"तू कधीपासून जेवली नाहीस?"

धाकटी आठवू लागली. तिला आठवेना. "भूकच नाही गं आई. बरं वाटतंय मला. खरंच, खूप बरं वाटतंय."

"त्या दिवशी काय म्हणालीस तू त्यांना?" आईचा आवाज बदलला. "मी डोळे मिटून होते तेव्हा. नीट आठव, शब्दन् शब्द सांग."

"हिला नेऊ नका म्हणाले..." धाकटी हसत होती. आपण हसतोय हे तिला कळत होतं, पण थांबवता येत नव्हतं. "मी एकटी कशी राहू, म्हणाले. मला एकटीला ठेवून जाऊ नका, म्हणाले."

आईचा चेहरा पांढराफटक पडला. ती खुर्ची सरकवून उठली, टेबलाला वळसा घालून आली. ज्या बोटांना बाटलीचं झाकण फिरत नव्हतं त्या बोटांनी तिने चमचा मुठीत पकडला आणि भरला. अर्धं वाटेतच सांडलं.

"आ कर."

"नंतर, आई."

"नंतर नाही. आत्ता."

धाकटीने तोंड उघडायचा प्रयत्न केला. आईसाठी केला. पण तिच्या हनुवटीखाली एक ऊबदार, कोरडा तळवा होता, आणि तो तिचं तोंड हळूच, मायेने, मिटून धरत होता. उकडलेल्या गाजराचा वास तिच्या नाकाशी दरवळत होता. तिचे डोळे मिटायला लागले.

"अहो," आई म्हणाली. धाकटीच्या डोक्यावरून कुठेतरी बघत, अगदी रोजच्या आवाजात, बाजारात काही आणायला सांगावं तशी. "तिला सोडा. तिचं काय ऐकता, पोर आहे ती. सोडा म्हणते ना. मी येते."

तळवा निघाला.

आणि धाकटीला भूक लागली. पोटात पीळ पडावा, डोळ्यांपुढे अंधारी यावी अशी भूक. तिने चमच्यातलं गिळलं, मग ताट ओढलं आणि दोन्ही हातांनी, सांडत लवंडत, रडत खात सुटली. मागच्या खोलीतून पाण्यात काहीतरी वर आल्याचा बारीक आवाज आला.

बऱ्याच वेळाने तिने मान वर केली. आई समोर आपल्या जागी बसली होती. केसांवरून हात फिरवून तिने ते नीट केले होते. तिने आपलं ताट हळूच बाजूला सारलं.

"मला नको गं आता," ती म्हणाली, आणि लाजली.